बसवून न्या

पोलादपूरहून उमरठकडे जाताना मुख्य रस्ता सोडून एक पायवाट वर चढते आणि डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत जाते. त्या वाडीचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिथल्या माणसांना मी तसा शब्द दिला आहे. अभ्यासासाठी कुणाच्या घरात शिरलं तर काय सांगायचं आणि काय आपल्यापाशी ठेवायचं, हेही मी त्याच सुमारास शिकले.

त्या वाडीत मी पहिल्यांदा गेले ती भूगर्भशास्त्र शिकलेली मुलगी म्हणून. महाडात वाढले, मुंबईत शिकले आणि डोंगरउतारांची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत लागले. आधी कशेडी घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडी पाहिल्या, मग डोंगराखालच्या वस्त्या पाहायचं काम आलं. त्या वाडीच्या वरच्या माळावर गवतात एक भेग होती. वाकून पाहिल्याशिवाय दिसली नसती. मी तिच्यात हात घातला तर तो मनगटापर्यंत आत गेला. वाट दाखवायला वाडीतले एक शेतकरी सोबत आले होते. साठीच्या आसपासचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. माझा हात आत गेलेला त्यांनी पाहिला आणि विचारलं,

"म्हंजे ह्यो डोंगर पडल का?"

"पडू शकतो."

"यंदा?"

"ते नाही सांगता येत, काका."

त्यांनी खाली आपल्या घरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग आमी रावायचं का जायाचं?"

मातीत पाणी किती मुरतं, खडक कुठल्या बाजूला कललाय, उताराचा कोन किती, सगळं मला सांगता आलं असतं. पण काकांनी विचारलं होतं ते यातलं काहीच नव्हतं. कदाचित कधीच न पडणाऱ्या डोंगरासाठी माणसांनी घर सोडायचं का, आणि ते ठरवायचं कुणी? मी, त्यांनी, की सरकारनं? मी अहवालात 'अतिसंवेदनशील' असा शब्द लिहिला आणि परत आले. अहवाल पुढे गेला. प्रश्न माझ्यापाशीच राहिला.

वर्षभरानं मी नोकरी सोडली आणि पुण्यातल्या एका अभ्यासक्रमाला अर्ज केला. सैद्धांतिक आणि उपयोजित नीतिशास्त्र, दोन वर्षांचा, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालेल असा. घरी सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे आता या वयात चांगलं वागायला शिकणार?"

"चांगलं म्हणजे काय, ते शिकणार."

माझे वडील निवृत्त शिक्षक. संध्याकाळी आम्ही दोघं चवदार तळ्याकडे फिरायला गेलो, तो त्यांचा रोजचा फेरा. अर्धं तळं चालून झाल्यावर ते थांबले. "एवढी वर्षं मी पोरांना 'नीट वाग' म्हणालो," ते म्हणाले. "नीट म्हणजे काय, असं एकाही पोरानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं गं?" मी हसले. ते हसत नव्हते. "जा तू," म्हणाले. "आणि मलाही सांगत जा."

आमचा वर्ग लहान होता. तत्त्वज्ञान शिकलेले दोघे-तिघे, कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी एक बाई, संगणकावर काम करणारा एक मुलगा, मी, आणि साताऱ्याचे एक भूलतज्ज्ञ. हे डॉक्टर आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे. पहिल्या दिवशी ओळख करून देताना ते म्हणाले, "मी रोज माणसांची सही घेतो आणि त्यांना झोपवतो. त्यांनी खरंच 'हो' म्हटलंय का, हे मला कळेनासं झालंय. म्हणून आलो."

शिकवणाऱ्या मॅडम ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज इतका हळू की पहिल्या बाकावर बसावं लागायचं. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर काही लिहिलं नाही. खुर्ची ओढून आमच्यात बसल्या आणि विचारलं, "एखाद्याचं भलं त्याच्या मर्जीविरुद्ध करायचा अधिकार कुणाला असतो का?"

मला वाटलं, दहा मिनिटांत होईल. दुपार गेली. वकीलबाई म्हणाल्या, लहान मुलांच्या बाबतीत असतो. मॅडमनी विचारलं, मूल लहान कधीपर्यंत? डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या बाबतीत असतो. मॅडमनी विचारलं, आणि घाबरलेल्या? दमलेल्या? कर्त्या मुलाच्या धाकात असलेल्या? प्रत्येक उत्तराच्या पोटातून नवा प्रश्न निघत होता. कुणी कुणाला हरवायला बोलत नव्हतं. वकीलबाईंनी मांडलेला मुद्दा डॉक्टरांनी खोडला आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नाही, थांबा, त्यांचंच बरोबर असावं." मोठ्या माणसानं भर सभेत असं म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अंधारून आल्यावर कुणीतरी दिवा लावला, तेव्हा कळलं की चहाची सुट्टीही आम्ही घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले आणि पुस्तकांच्या कपाटांपुढे उभीच राहिले. माळावर काकांनी मला जे विचारलं होतं, तेच निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या शतकांतल्या माणसांनी विचारलेलं होतं. कुणी राजाला विचारलं होतं, कुणी देवाला, कुणी स्वतःला. कुणी आयुष्यभर एकाच प्रश्नाशी बसलं होतं. डोंगर तयार व्हायला किती काळ लागतो हे मला माहीत होतं, त्यामुळे मोठ्या काळाची मला सवय आहे असं मी समजत असे. पण माणसं इतकी वर्षं इतक्या काळजीनं विचार करत आली आहेत, या गोष्टीनं मी अगदी लहान झाले. आणि ते लहान होणं बरं वाटलं.

एकदा मॅडमनी मला पंचशील समजावून सांगायला लावलं. लहानपणापासून आमच्या घरी, विहारात, लग्नात, मयतात मी ते म्हणत आले होते. म्हणता म्हणता मी थांबले. प्रत्येक शीलाच्या शेवटी 'समादियामि' हे पाली क्रियापद येतं, त्याचा अर्थ 'मी स्वतःहून स्वीकारतो' असा आहे, हे मला पाठ असूनही कधी दिसलंच नव्हतं. त्यात 'हे करू नकोस' अशी आज्ञा कुणीच करत नाही. म्हणणारा स्वतःच एक शिकवण उचलून घेतो, आणि पुन्हा पुन्हा घेतो, कारण ती सुटत राहते. मी त्याच संध्याकाळी वडिलांना फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "मी आत्ता मनात म्हणून बघत होतो."

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम करायचं होतं. मी तीच वाडी निवडली. विषय होता धोक्याच्या उतारावर राहणाऱ्यांची संमती. मॅडम म्हणाल्या, "पण या वेळी काही मोजायला जाऊ नकोस. बसायला जा."

वाडीचे दोन भाग आहेत. वरच्या अंगाला शेतकऱ्यांची घरं, आणि ओढ्याच्या अलीकडे बौद्धवाडी. भेगेच्या खाली दोन्ही सारख्याच. वरच्या घरांत गेले की विचारायचे, "महाडात कुठं ऱ्हाता?" मी आळीचं नाव सांगायची, आणि त्यावरून माणसाला जे कळायचं ते कळायचं. कुणी वावगं वागलं नाही. राहायला मी बौद्धवाडीतल्या अंगणवाडीच्या ताईंकडे होते. ताई चाळिशीच्या, बोलायला धारदार, दोन्ही वाड्यांतली एकूणएक पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे वरच्या वाडीतही त्यांचा शब्द चालायचा.

माळावर भेटलेले काका आता पूर्वीसारखे फिरत नव्हते. त्यांच्या बायकोला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती, आणि बोलणंही. मुलगा-सून मुंबईला. काका तिला भरवायचे, अंग पुसायचे, वेणी घालायचे. वेणी वाकडी व्हायची आणि काकी तशीच मिरवायच्या. मी गेले की काकी डाव्या हातानं मला जवळ बसायची खूण करायच्या. त्यांना सगळं समजायचं. ओठ हलायचे, आवाज निघायचा, पण शब्द होईपर्यंत ऐकणारा दमून जायचा, आणि मग काकाच तो पुरा करून टाकायचे.

पावसाळ्यात अतिवृष्टीचा इशारा आला की सगळ्या वाडीनं खालच्या रस्त्यालगतच्या शाळेत जाऊन राहायचं, असं ठरलेलं होतं. मागच्या वर्षी सगळे गेले होते, काकीसुद्धा. या वर्षी काका म्हणायला लागले, आम्ही नाही येणार. "ती नको म्हनते. मान हलवते. घर सोडायचं नाय तिला." मी ते लिहून घेतलं होतं. आमच्या अभ्यासाच्या भाषेत ही स्पष्ट नकाराची बाब होती. माणूस मोठं आहे, समजतंय, धोका ठाऊक आहे, आणि नाही म्हणतंय.

आषाढात एक रविवार असा आला की सकाळपासून समोरचा डोंगर दिसत नव्हता. साताऱ्याचे डॉक्टर आदल्या दिवशीच आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरले होते. मी इतके महिने ज्या वाडीविषयी बोलत होते ती त्यांना पाहायची होती. आम्ही दोघं वर पोचलो तर मारुतीच्या देवळापुढे सगळी वाडी जमलेली. गाठोडी, गॅसच्या शेगड्या, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली पोरं, दावणीची सोडलेली गुरं. तलाठी भाऊसाहेब छत्री धरून भराभर माणसांना पुढे काढत होते. मी तशीच माळावर चढून गेले. भेगेत पाणी चाललं होतं, आणि तिच्या खालच्या काठावरचं गवत मागच्या आठवड्यापेक्षा खाली बसलेलं दिसत होतं. मी जवळजवळ धावतच उतरले.

खाली आले तर काका आपल्या दारात उभे. "तुमी जावा," ते सगळ्यांना सांगत होते. "आमी दोघं हितं बरे हाव."

भाऊसाहेब म्हणाले, "काका, मला लिहून द्यावं लागेल तुम्हाला."

"देतो की."

मला ओरडावंसं वाटत होतं की उचला त्यांना आणि चला. मी ती भेग पाहून आले होते. आणि त्याच वेळी वर्षभर शिकलेलं सगळं मला गप्प बसवत होतं.

तेवढ्यात ताईंनी डोक्यावरचं गाठोडं देवळाच्या ओट्यावर ठेवलं. "मग मी पण नाय जात," त्या म्हणाल्या.

"ताई, काय चाललंय?" भाऊसाहेब.

"काकी वर आणि आम्ही खाली? मला नाय जमायचं. बसते मी हितंच."

त्यांच्या मागे वरच्या वाडीतल्या एका बाईनं पोर खाली उतरवलं. मग कुणी शेगडी ठेवली. एकामागून एक गाठोडी परत ओट्यावर आली. कुणी घोषणा केली नाही, कुणी भांडलं नाही. पावसात नुसते उभे राहिले सगळे. काका दारातून हे बघत होते आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला. "असं नका करू रे," ते म्हणाले. "आमच्यासाठनं पोरं नका मारू."

डॉक्टर माझ्या शेजारी होते. ते हळूच पुढे झाले. "काका, मी काकींना विचारू का?"

"तिला बोलता येत नाय हो."

"समजतं ना?"

"समजतं समदं."

काका बाजूला झाले. आत काकी भिंतीला टेकवलेल्या, अंगावर चादर. डॉक्टर खाटेजवळ उकिडवे बसले, त्यांचे डोळे काकींच्या डोळ्यांच्या पातळीला येतील असे. "काकी, मी डॉक्टर आहे, पण तपासायला नाही आलो. सगळे खाली शाळेत निघालेत. डोंगराची भीती आहे. तुम्हाला यायचंय का? नाही म्हणालात तरी चालेल. पण का नाही, तेवढं सांगा. मी थांबतो."

काकींचे ओठ हलायला लागले. "न्..." असा आवाज आला. काकांनी लगेच म्हटलं, "नको म्हनते बघा." डॉक्टरांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबू या, काका."

भाऊसाहेब दारातून म्हणाले, "डॉक्टर, वेळ नाही आपल्याकडे."

"गप ऱ्हावा भाऊसाहेब," ताई म्हणाल्या.

मग कुणीच बोललं नाही. दारात, ओटीवर, खिडकीच्या गजांपाशी माणसं उभी होती, अंगावरून पाणी निथळत. पत्र्यावर पाऊस वाजत होता. वर डोंगर होता, आणि त्याचं काय चाललंय हे त्या घरात मला सर्वांत जास्त ठाऊक होतं. आणि एक बाई एक वाक्य जुळवत होती. तिच्या कपाळावर घाम आला. एकदा शब्द निसटला तर तिनं डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कुणी उसासा टाकला नाही. कुणी शब्द सुचवला नाही. कुणाच्या तरी पाठीवरचं पोर रडायला लागलं तशी त्याची आई त्याला घेऊन लांब गेली. मी आयुष्यात देऊळ, विहार, परीक्षेचं सभागृह, सगळीकडची शांतता ऐकली आहे. अशी शांतता ऐकली नव्हती. मला श्वास घ्यायचीही चोरी वाटत होती.

"निज... वून... नको," काकी म्हणाल्या.

डॉक्टर तसेच बसून राहिले. त्यांना कळलं होतं की वाक्य संपलेलं नाही.

"मड्या... वानी."

आणि खूप वेळानं, डावा हात उचलून, "बस... वून."

काका खाली बसले. मागच्या वर्षी तिला बाजेवर निजवून, वरून प्लास्टिक घालून, चौघांनी खांद्यावर नेलं होतं. वाटभर तिनं डोळे मिटून घेतले होते. काकांना वाटलं, झोप लागली. तेव्हापासून खाली जायची गोष्ट निघाली की ती मान हलवायची, आणि त्यांना वाटायचं, तिला घर सोडवत नाही.

"असं हाय व्हय गो," ते एवढंच म्हणाले. "मला कसं कळंना?"

मग जे झालं ते फार भराभर झालं. ताईंनी अंगणवाडीतली हाताची लाल खुर्ची आणवली. गोठ्यातून दोन बांबू निघाले. शिमग्यात पालखी नाचवणारे वरच्या वाडीतले दोघे वयस्क होते, त्यांना बांधायचं कसब ठाऊक. ते दोरीचे वेढे घालत होते आणि ओढून बघत होते. वरच्या घरांतली तरुण माणसं बहुतेक मुंबईला, म्हणून त्या दोघांच्या जोडीला बौद्धवाडीतले दोघे जण पुढे आले. पुढे एक इकडचा एक तिकडचा, मागेही तसेच. कुणी काही म्हटलं नाही. कुणाच्या लक्षात आलं असेल तर त्यानं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

काकींना खुर्चीत बसवलं, कमरेला साडीचा पट्टा बांधला. ताईंनी त्यांचा पदर डोक्यावरून नीट घेतला. उचलणार तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा रे. गो, तोंड कुठं करू? घराकडं का वाटंकडं?"

पुन्हा सगळे थांबले, बांबू हातात धरून. काकींनी डाव्या हाताचं बोट वाटेकडे केलं.

"उचला."

खुर्ची वर गेली. काकी सगळ्यांच्या डोक्यांच्या वर होत्या. काका बाजूनं छत्री उंच धरून चालत होते, ती पुरेशी उंच पोचत नव्हती आणि काकी भिजत होत्या. पाठीमागून गाठोडी, गुरं, पोरं. निसरड्या पायवाटेवरून मिरवणूक उतरत गेली. ओढ्याशी एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली, सगळ्यांच्या तोंडून "अरे अरे" निघालं, आणि वरून एक वेगळाच आवाज आला. काकी हसत होत्या. अर्ध्या तोंडानं, पण मोठ्यांदा. मग ज्याचा पाय घसरला होता तोही हसायला लागला. मी आणि डॉक्टर सगळ्यांच्या मागे होतो. डॉक्टर चष्मा पुसत होते. "पावसामुळे," ते म्हणाले. 'मानवी प्रतिष्ठा' या दोन शब्दांवर मी निबंध लिहिला होता, त्याला चांगले गुण मिळाले होते. ती आता माझ्यापुढे दोन बांबूंवरून डोलत चालली होती.

शाळेतून मी वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं. खांदे कुणाकुणाचे होते तेही सांगितलं.

"सगळ्यांनी उचललं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी."

"बरं," ते म्हणाले, आणि नंतर पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हणावं तसं, "बरं."

डोंगर पडला नाही. त्या दिवशी नाही, त्या पावसाळ्यात नाही. भेग रुंदावली आणि थांबली. गणपतीच्या आधी माणसं परत आपापल्या घरी गेली, काकी पुन्हा खुर्चीतून. मी काकांना भीत भीतच विचारलं, "उगाच गेलो असं वाटतं का?"

प्रश्नच समजला नसावा तसे ते माझ्याकडे बघायला लागले. "उगाच कसं? ती बसून गेली न्हाय का?"

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "दरड कोसळलीच नाही. मग हा निर्णय बरोबर होता असं तुम्ही कशावरून म्हणता?" मी म्हटलं, निर्णय बरोबर होता की नाही हे डोंगरानं ठरवायचं असतं, असं आता मला वाटत नाही. त्या दिवशी आम्हाला जेवढं ठाऊक होतं, त्यात कुणाला विचारलं, कसं विचारलं आणि उत्तरासाठी थांबलो का, यावर ते ठरतं. परीक्षकांचं पूर्ण समाधान झालं नाही. त्यांनी वाद घातला, मी घातला, आणि ते सगळं मला फार आवडलं.

मॅडमना मात्र दुसरंच काही सतावत होतं. परीक्षा झाल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. "तुझ्या ताईंनी गाठोडं खाली ठेवलं," त्या म्हणाल्या. "ती माया होती, की त्या नवरा-बायकोवर टाकलेला दबाव?"

पुढच्या खेपेला मी ताईंनाच विचारलं. त्या पोरांसाठी खिचडी ढवळत होत्या. "तेवढा विचार केला नव्हता मी," त्या म्हणाल्या. "माझे पाय उचलेनात. बस." थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "दबाव झाला का गं तो?" त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. आम्ही दोघी मिळून त्यावर पुष्कळ बोललो आणि कुठेच पोचलो नाही. प्रबंधात मी लिहिलं की हे मला ठाऊक नाही. मॅडमनी ते वाक्य तसंच राहू दिलं.

मी आता महाडलाच असते. डोंगराखालच्या वस्त्यांबरोबर काम करते, कधी खडकाचं, कधी नुसतं बसायचं. त्या वाडीच्या कायमच्या पुनर्वसनाचं अजून ठरलेलं नाही. तीन जागा पाहून झाल्या, प्रत्येक जागेत कुणाचं तरी काहीतरी अडतं. बैठका लांबतात. भाऊसाहेबांची बदली झाली, नवे आले आहेत, ते पहिल्या बैठकीत फार कंटाळले.

गेल्या महिन्यात मी काकांच्या घरी गेले. अंगणात ऊन होतं, काकी ओटीवर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी डाव्या हातानं खूण केली आणि ओठ हलवायला लागल्या. काका आतून बाहेर आले, पण बोलले नाहीत, दाराला टेकून उभे राहिले. मीही बॅग खाली ठेवून बसले. शेजारच्या बाई वाळवणावरून उठून आल्या. काकी खूप वेळ झगडत होत्या. मला वाटलं, नव्या जागेबद्दल काही असेल, किंवा मुलाबद्दल.

"जे... वलीस?" त्या म्हणाल्या.

"नाही अजून, काकी."

त्यांनी काकांकडे पाहिलं, आणि काका भाकरी टाकायला आत गेले.